विश्लेषण : अधिवेशनात ‘आवाज उठवला’, पण उत्तर काय मिळाले?

अधिवेशनाचे सूप वाजले, की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील व्हॉट्सॲप ग्रुपवर आमदारांच्या कामगिरीचे फलक फिरू लागतात. कुणी ‘कोट्यवधींचा निधी खेचून आणला’, तर कुणी ‘सभागृहात आवाज उठवला’. सोबत भाषणाची मिनिटभराची चित्रफीत आणि अभिनंदनाचे संदेश. आमदाराने केलेले काम मतदारांपर्यंत पोहोचवणे चांगलेच. मात्र या फलकांवर प्रश्न दिसतो, मंत्र्यांचे उत्तर क्वचितच दिसते. मागच्या अधिवेशनातील आश्वासनाचे काय झाले, हे तर जवळपास कधीच दिसत नाही. हा हिशेब कसा असावा आणि मतदाराने तो कसा वाचावा, याविषयी…

आमदाराने अहवाल देणे बंधनकारक आहे का?

नाही. अधिवेशनात काय केले हे मतदारांना सांगावे, असे बंधन कोणत्याही कायद्याने आमदारावर घातलेले नाही. गावच्या सरपंचाला ग्रामसभेपुढे जावे लागते, जमाखर्च मांडावा लागतो, प्रश्नांना तोंड द्यावे लागते. कल्याण-डोंबिवलीत १ जून २०१५ रोजी पुन्हा समाविष्ट झालेल्या २७ गावांतील रहिवाशांना हा फरक चांगलाच ठाऊक आहे. कालपर्यंत ग्रामसभेत उभे राहून विचारता येत असे. शहरात आल्यावर विचारायचे कुठे, हेच कळेनासे झाले. लाखो लोकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आमदारासाठी ग्रामसभेसारखी व्यवस्थाच नाही. त्याची कायदेशीर परीक्षा पाच वर्षांनी एकदा, मतदानाच्या दिवशी.

अर्थात, कायदा नाही म्हणून प्रथाच नाही, असे नव्हे. ठाण्याला तर या बाबतीत जुना वारसा आहे. १९७७ आणि १९८० मध्ये ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी हे त्याआधी विधानसभेचे सदस्य होते. वर्षभरात काय काम केले याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवणारा लोकप्रतिनिधी, अशी त्यांची ओळख होती. आज भाईंदरजवळ उत्तन येथे त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या प्रबोधिनीत लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण दिले जाते. म्हाळगी जनसंघाचे. पण मतदाराला हिशेब देण्याची सवय कोणत्याही एका पक्षाची मालमत्ता असू शकत नाही. मोबाइल नव्हता, छपाई महाग होती, तेव्हा जे जमत होते ते आज एका बोटाच्या स्पर्शावर शक्य आहे. तरीही अहवालाची जागा फलकाने घेतली, ही खरी अडचण.

अमेरिकेत लोकप्रतिनिधींना सरकारी खर्चाने मतदारांना पत्रके पाठवता येतात. पण त्यात निवडणूक प्रचार करता येत नाही आणि निवडणूक जवळ आली की अशी पत्रके पाठवण्यावर बंदी येते. म्हणजे माहिती आणि प्रचार यांच्यात तेथे निदान नियमाने रेघ ओढली आहे. आपल्याकडे ही रेघ मतदारानेच ओढायची आहे.

‘आवाज उठवला’ म्हणजे नेमके काय केले?

विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, तर हिवाळी नागपुरात. २०२५ चे उदाहरण घेतले तर अर्थसंकल्पी अधिवेशन ३ ते २६ मार्च, पावसाळी ३० जून ते १८ जुलै आणि हिवाळी ८ ते १४ डिसेंबर असे झाले. म्हणजे नागपुरातील अधिवेशन जेमतेम आठवडाभराचे. २८८ आमदारांना एवढ्या वेळात बोलायचे असते. म्हणून कोणत्या आयुधाने प्रश्न मांडला, याला महत्त्व येते.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. परंतु प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. यादीतील मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात मिळतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखीच असते. लक्षवेधी सूचनेवर संबंधित मंत्र्याला निवेदन करावे लागते, त्यामुळे शहराच्या तातडीच्या प्रश्नासाठी ती उपयोगी पडते. औचित्याच्या मुद्द्यावर मात्र मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर देणे बंधनकारक नसते. आमदार बोलतो, त्याची नोंद होते आणि सभागृह पुढच्या विषयाकडे वळते. चित्रफितीत मात्र लक्षवेधी आणि औचित्याचा मुद्दा सारखेच दिसतात.

आणखी एक बाब. छापील यादीत एकाच तारांकित प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावे असतात. त्यात काही गैर नाही. एखाद्या विषयामागे बळ उभे करण्याची ती पद्धत आहे. पण ‘प्रश्न विचारला’ असे सांगणाऱ्या आमदाराने तो स्वतः मांडला, उपप्रश्न विचारला, की यादीत फक्त नाव होते, हे सांगितले तर मतदाराला कामाचा खरा अंदाज येतो.

मंत्र्यांच्या उत्तरातून काय कळते?

विधिमंडळातील उत्तरांची एक ठरलेली भाषा आहे. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, ‘कार्यवाही सुरू आहे’. वाचताना कंटाळा आणणारी ही वाक्ये फार मोलाची असतात. एखादा नाला बुजवून इमारत उभी राहिली, असे आमदाराने विचारले आणि उत्तरात ‘हे खरे आहे’ असे आले, तर सरकारने ते लेखी मान्य केले असा त्याचा अर्थ. तो कागद रहिवाशांना पालिकेत, लोकायुक्तांकडे किंवा न्यायालयात दाखवता येतो. ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले आणि परिस्थिती उलट असेल, तर पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तरावर मंत्र्यांना धारेवर धरता येते.

कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारतींचे प्रकरण पाहा. महापालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी नोंदणी पाहून घरे घेतली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले. त्यानंतर राजकीय वर्तुळातून दिलाशाची भाषा सुरू झाली. या इमारतींत राहणाऱ्या माणसाला फलकावरचा ‘पाठपुरावा सुरू’ हा शब्द पुरेसा नाही. सरकार न्यायालयात काय भूमिका घेणार, बनावट कागद तयार करणाऱ्यांवर आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर काय कारवाई झाली, फसवल्या गेलेल्या खरेदीदाराच्या कर्जाचे काय, याची लेखी उत्तरे त्याला हवी आहेत. ती मिळवण्याची सर्वात अधिकृत जागा म्हणजे सभागृह. घराचा हप्ता भरत राहायचा की नाही, हा निर्णय असा माणूस आमदाराच्या शब्दावर घेत असतो. तो शब्द अर्धवट असेल तर नुकसान त्याचे होते.

‘निधी मंजूर’ म्हणजे काम होणार का?

फलकांवरचा सर्वात आवडता आकडा निधीचा. परंतु सरकारी पैशाचा प्रवास लांबचा असतो. आधी अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद होते. मग प्रशासकीय मान्यता, त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश आणि शेवटी प्रत्यक्ष काम. यातील प्रत्येक टप्प्यावर ‘मंजूर’ हा शब्द वापरता येतो आणि वापरला जातोही. त्यामुळे एकाच रस्त्याच्या निधीचे तीन वेळा अभिनंदन होते आणि खड्डे तिथेच राहतात.

आमदाराच्या हातात स्वतःचा असा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपयांचा. त्यातून तो कामे सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनामार्फत होते. त्यापलीकडचे कोट्यवधी रुपये कोणत्या तरी खात्याचे, एमएमआरडीएचे, रस्ते विकास महामंडळाचे किंवा महापालिकेचे असतात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सुमारे ५७ हजार ५०९ कोटींच्या, तर डिसेंबरमध्ये सुमारे ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. या रकमा साऱ्या राज्याच्या. त्यातून आपल्या शहराच्या वाट्याला कोणत्या शीर्षाखाली किती आले, ती रक्कम पूर्ण आहे की काम पुस्तकात राहावे म्हणून ठेवलेली नाममात्र, हे सांगणारा आमदार मतदाराला शहाणे करतो.

निधी खर्च झाला म्हणजे काम चांगले झाले, असेही नाही. कल्याण-शीळ मार्गावरील पलावा उड्डाणपुलासाठी लोकांनी वर्षानुवर्षे कोंडी सोसली. ४ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशन सुरू असतानाच, तो वाहतुकीला खुला झाला आणि निसरड्या पृष्ठभागामुळे काही तासांतच तात्पुरता बंद करावा लागला. अशा वेळी अहवालात उद्घाटनाच्या छायाचित्राशेजारी दोन ओळी हव्यात. कामाची तपासणी कोणी केली आणि चुकीची जबाबदारी कोणावर निश्चित झाली?

सभागृहातील आश्वासनांचे पुढे काय होते?

मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’, ‘तपासू’, ‘कारवाई केली जाईल’ असे सांगितले की ते आश्वासन ठरते. त्याची पूर्तता होते की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. म्हणजे विसरण्याविरुद्धची व्यवस्था सभागृहानेच करून ठेवली आहे. तरीही विसरले जाते, कारण विचारणारा थांबतो.

डोंबिवलीचा अनुभव यासाठी पुरेसा आहे. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतील प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, त्यात १२ जणांचा बळी गेला आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. धोकादायक कारखान्यांचे काय करायचे, ही चर्चा तेव्हा जोरात झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला आले. २०२२ च्या सुरुवातीला १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगा येथे हलवण्याचा विषय पुढे आला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत स्फोट झाला. पुन्हा किमान दहा जणांचा जीव गेला, पुन्हा स्थलांतराची भाषा झाली. या आठ वर्षांत राज्यात मुख्यमंत्री बदलले, आघाड्या बदलल्या, विरोधातले सत्तेत आणि सत्तेतले विरोधात गेले. त्यामुळे दोष एका पक्षावर ढकलून कोणालाच सुटता येणार नाही.

स्थलांतर सोपे नाही, हेही खरे. कारखान्यांना जागा, कामगारांना रोजगार, उद्योजकांना भरपाई, सारेच गुंतलेले. पण या काळातील प्रत्येक अधिवेशनानंतर ‘किती कारखान्यांची तपासणी झाली, किती बंद झाले, किती हलले’ एवढे तीन आकडे जरी मतदारांपुढे येत राहिले असते, तरी विषय स्फोटाच्या दिवसापुरता राहिला नसता. स्फोट झाला की हळहळायचे, अधिवेशनात बोलायचे आणि पुढच्या स्फोटापर्यंत थांबायचे, हा क्रम मोडण्याचे काम आमदाराच्या नियमित हिशेबानेच होऊ शकते.

२७ गावांचा प्रश्न याच जातीचा. १९८३ मध्ये महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्यात होती. २००२ मध्ये ती वगळली गेली, २०१५ मध्ये परत आली. मार्च २०२० मध्ये तत्कालीन नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्यांपैकी १८ गावे वगळून स्वतंत्र नगर परिषद करण्याची घोषणा विधिमंडळात केली. जूनमध्ये अधिसूचना निघाली आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर ती रद्द ठरवली. सभागृहातील घोषणेला टाळ्या मिळाल्या, तिचे फलकही झळकले. घोषणा कायद्याच्या कसोटीवर टिकेल का, हे विचारणारे मात्र कमी होते. सभागृहात मिळालेला शब्द आणि जमिनीवर झालेला बदल यांत किती अंतर असते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

आमदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे कळते का?

बहुतेक वेळा कळत नाही. विधेयके सहसा आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा आवाज ऐकून अध्यक्ष निर्णय देतात. मतविभागणी मागितली गेली तरच कोणी काय मत दिले याची नावानिशी नोंद होते. जुलै २०२५ मध्ये विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. या विधेयकावर संयुक्त समितीकडे नागरिकांच्या बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. एवढ्या लोकांना ज्याविषयी काही म्हणायचे होते, त्या कायद्यावर आपल्या आमदाराचे मत काय होते, हे किती मतदारसंघांत सांगितले गेले?

कायदे करणे हे आमदाराचे पहिले काम. पण अधिवेशनोत्तर अहवालांत विधेयकांचा उल्लेख सर्वात कमी असतो. पक्षाचा व्हीप असतो, हे मतदारालाही समजते. तरीही ‘या विधेयकाला पाठिंबा दिला, कारण…’ किंवा ‘ही दुरुस्ती सुचवली, ती स्वीकारली गेली नाही’ असे सांगण्यापासून कोणताही व्हीप रोखत नाही.

सत्ताधारी आमदारांनी सरकारला प्रश्न का विचारावेत?

कारण ठाणे जिल्ह्यात विचारणारे दुसरे फारसे कोणी नाहीत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील १८ पैकी १६ जागा महायुतीने जिंकल्या. मुंब्रा-कळवा आणि भिवंडी पूर्व सोडले, तर जिल्ह्याचा आवाज म्हणजे सत्ताधारी आमदारांचाच आवाज. त्यांनी संकोच केला तर घोडबंदर रस्त्याची कोंडी, डोंबिवलीचे प्रदूषण, कल्याणची बेकायदा बांधकामे यांवर सभागृहात शांतता पसरेल.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. सत्ताधारी आमदार मंत्र्यांना थेट भेटून काम करून घेऊ शकतो, मग सभागृहात कशाला अडचणीत आणायचे? त्यात तथ्य आहे. अनेक कामे मंत्रालयातील बैठकीतच मार्गी लागतात. पण बंद दालनातील बैठकीचे इतिवृत्त मतदाराला दिसत नाही, सभागृहातील उत्तराची नोंद कायम राहते. मंत्री बदलले, सरकार बदलले, तरी ती नोंद पुढच्या आमदारालाही वापरता येते.

मंत्रिपदावरील लोकप्रतिनिधींची गोष्ट वेगळी. २०२४ च्या निवडणुकीनंतर कोपरी-पाचपाखाडीचे एकनाथ शिंदे उपमुख्यमंत्री झाले, ओवळा-माजिवड्याचे प्रताप सरनाईक परिवहनमंत्री, तर ऐरोलीचे गणेश नाईक वनमंत्री. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यामुळे ‘किती प्रश्न विचारले’ या मोजपट्टीने त्यांना मोजणे अन्यायाचे ठरेल. पण त्यांच्या मतदाराचा प्रश्न मग मांडणार कोण, हा पेच उरतोच. मंत्र्यांच्या अहवालात आपल्या खात्याने मतदारसंघाबाबत घेतलेले निर्णय आणि अपूर्ण राहिलेली कामे, दोन्ही यायला हवीत.

गटार, पाणी आणि लोकल… कोणाचे काम?

कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाणे महापालिकेची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार राहिला. नगरसेवक नसल्याने तुंबलेले गटार, बंद पथदिवा, न आलेले पाणी या तक्रारी आमदाराच्या कार्यालयात येऊ लागल्या. आमदार हाच मोठा नगरसेवक झाला आणि त्याचे अहवालही पेव्हर ब्लॉक, सभामंडप आणि व्यायामशाळांच्या यादीने भरून गेले. त्या परिस्थितीत ते समजण्यासारखे होते.

ती परिस्थिती आता संपली. १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिका निवडणुकांसाठी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत १२२ आणि ठाण्यात १३१ नगरसेवकांच्या जागा आहेत. गटाराचा हिशेब त्यांना विचारता येईल. आमदाराकडून आता सभागृहातील कामाचा हिशेब मागण्याची वेळ आहे. त्यासाठी मतदारांनाही सवय बदलावी लागेल. आमदार लग्नाला, बारशाला आणि दहीहंडीला आला की नाही यावर त्याची किंमत ठरवली, तर तो नागपूरच्या अधिवेशनातून लवकर परतण्यातच शहाणपण मानेल.

कोणते काम कोणाचे, हा गोंधळ इथल्या अनेक प्रश्नांत आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात संताप उसळला. रेल्वे हा केंद्राचा विषय, त्यावर रेल्वेमंत्र्यांना विचारण्याची जागा संसद. पण मुंबई रेल्वे विकास महामंडळ ही रेल्वे आणि राज्य सरकार यांची संयुक्त कंपनी आहे. कळवा-ऐरोली जोडमार्गासारखा प्रकल्प बाधितांच्या पुनर्वसनात अडकतो, तेव्हा राज्य सरकारने काय केले, हे विधानसभेत विचारता येते आणि विचारायलाच हवे. ‘रेल्वे आमच्या हातात नाही’ हे उत्तर म्हणून अर्धेच खरे.

कल्याणचा पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीस बंद झाला आणि नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. मधल्या अडीच वर्षांत रेल्वे, रस्ते विकास महामंडळ आणि महापालिका यांच्यातील समन्वय हाच चर्चेचा विषय होता. अशा कामात आमदाराचे मोल तीन यंत्रणांना एका तारखेला बांधून घेण्यात असते. ती तारीख अहवालात लिहिली, तर ती पाळली गेली की नाही हे सगळ्यांना कळते. बहुधा म्हणूनच ती लिहिली जात नाही.

चांगल्या अहवालात काय असावे?

चाळीस पानी गुळगुळीत पुस्तिकेची गरज नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत वाचता येईल असे एक पान पुरेल. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

एक, उपस्थिती. अधिवेशन किती दिवस चालले आणि आमदार किती दिवस सभागृहात होते.

दोन, प्रश्न आणि त्याचे उत्तर शेजारी-शेजारी. कोणत्या आयुधाने मांडला, प्रश्नाचा क्रमांक काय, मंत्र्यांनी काय सांगितले, उत्तर तोंडी मिळाले की लेखी.

तीन, निधीचा टप्पा. तरतूद, प्रशासकीय मान्यता, निविदा की कार्यादेश, हे स्पष्ट शब्दांत आणि शासन निर्णयाच्या तारखेसह.

चार, विधेयकांवरील भूमिका. निदान ज्या कायद्याचा शहरावर परिणाम होणार आहे, त्यावर काय मत होते.

पाच, आणि हे सर्वात महत्त्वाचे, मागील अधिवेशनातील आश्वासनांची स्थिती. जे झाले नाही त्यापुढे ‘झाले नाही’ असे लिहिण्याची तयारी.

पाचवा मुद्दा आमदारांना जड वाटेल. अपयश लिहिले तर विरोधक तेच वापरतील, ही भीती खोटी नाही. पण मतदार भाबडा राहिलेला नाही. रस्ता झाला नाही हे त्याला रोज ठाणे स्थानकाकडे किंवा शीळफाट्याकडे जाताना दिसतेच. ते लपवणाऱ्या फलकावरचा त्याचा विश्वास कमी होतो. ‘तीनदा विचारले, तीनदा हेच उत्तर मिळाले, आता आश्वासन समितीकडे जात आहे’ असे सांगणाऱ्यावर तो अधिक विश्वास ठेवेल.

मतदाराला स्वतः पडताळणी करता येते का?

येते, पण थोडी मेहनत घ्यावी लागते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि सभागृहाचे कामकाज मराठीत उपलब्ध असते. कामकाजाचे थेट प्रक्षेपण होते. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मुंबईतील आमदारांच्या कामगिरीचे प्रगतिपुस्तक प्रजा फाऊंडेशन प्रसिद्ध करते, त्यामुळे निदान प्रश्नांची संख्या आणि उपस्थिती यांवर चर्चा होते. ते मुंबईपुरते असते. खाडी ओलांडून ते ठाण्यात येत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत महाविद्यालये आहेत, रहिवासी संघटना आहेत, ज्येष्ठ नागरिक कट्टे आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका अधिवेशनापुरते आपल्या चार-पाच आमदारांचे प्रश्न आणि उत्तरे जमवली, तरी असे प्रगतिपुस्तक इथेही तयार होऊ शकते.

तोवर सर्वात सोपा मार्ग म्हणजे फलक आला की त्याखाली अंगठ्याऐवजी एक प्रश्न टाकणे. ‘उत्तर काय मिळाले आणि कोणत्या तारखेचे?’ एकाने विचारले तर त्याला गटातून काढले जाईल. पन्नास जणांनी विचारले तर पुढच्या अधिवेशनानंतर फलकावर उत्तरासाठी एक रकाना नक्कीच वाढेल.